मंगळवेढ्याच्या उन्हात प्रवाळ टाकी : प्रकाश आणि प्रवाह यांच्या निवडीचा आढावा

प्रवाळ टाकी ही खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्यात मासे असले तरी ते दुय्यम, मांडणी सगळी प्रवाळासाठी. प्रवाळ हा एका जागी चिकटून राहणारा प्राणी आहे. ऊन कमी पडले तर त्याला सरकता येत नाही, भूक लागली तर भक्ष्यामागे जाता येत नाही. उजेड वरून मिळावा लागतो. अन्न आणि प्राणवायू पाण्याने आणून द्यावा लागतो आणि घाणही पाण्यानेच वाहून न्यावी लागते. त्यामुळे टाकीवर दिवा कोणता लावायचा आणि पाणी किती व कसे फिरवायचे, हे दोन प्रश्न या छंदाच्या मुळाशी आहेत. त्यांची उत्तरे गेल्या साठ वर्षांत अनेकदा बदलली आणि आजही ती सर्वमान्य नाहीत.

या विषयावरचे बहुतेक लेखन थंड देशांतले आहे. तिथे टाकीत हीटर टाकावा लागतो आणि दिव्याची ऊब फुकट मिळालेली मदत ठरते. मंगळवेढा समुद्रापासून सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. मालदांडी ज्वारीचा हा मुलूख पावसाला कायम आसुसलेला. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, बोअरचे पाणी जड, आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. अशा गावात हेच दोन प्रश्न निराळ्या क्रमाने सोडवावे लागतात: आधी उष्णता आणि वीज, मग दिवा.

पार्श्वभूमी

मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. त्या काळी सगळीकडेच मत्स्यालय म्हणजे मासे पाहण्याची जागा होती. जिवंत प्रवाळ टाकीत टिकवणे जवळजवळ अशक्य समजले जाई. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत एका अमेरिकी मासिकातून मांडली. समुद्रातून आणलेले जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि खिडकीतून येणारे ऊन एवढ्यावर त्यांच्या टाक्या चालत. यंत्रे जवळजवळ नव्हतीच. मात्र विषुववृत्ताजवळचे ऊन आणि दारातला समुद्र हे त्या पद्धतीचे भांडवल होते, आणि ते इतरांकडे नव्हते.

पुढची मोठी पायरी जर्मनीत पडली. बर्लिनच्या हौशी मंडळींनी जिवंत खडक, फेसाने मैला काढणारा स्किमर आणि मेटल हॅलाइडचे प्रखर दिवे यांची सांगड घातली. अमेरिकेत १९८६ साली जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेने 'मिनी रीफ', म्हणजे छोटी प्रवाळ टाकी, घराघरांत पोचवली. नव्वदीच्या दशकात १५०, २५० आणि ४०० वॅटचे हॅलाइड दिवे हा प्रवाळ टाकीचा मानबिंदू होता. त्यानंतर बारीक टी-फाइव्ह ट्यूब आल्या आणि २००६ च्या सुमारास पहिले व्यापारी एलईडी दिवे. आज नवी टाकी जवळजवळ नेहमीच एलईडीवर उभी राहते. टी-फाइव्हचा कस अजून मानला जातो, पण पाऱ्याच्या वापराबाबतच्या मिनामाता करारानुसार २०२७ पर्यंत अशा ट्यूब बंद व्हायच्या आहेत. तिच्यापुरता वाद बाजारच मिटवून टाकणार आहे.

दिव्यांच्या जाहिराती आणि प्रत्यक्ष मोजमाप यांतले अंतर दाखवण्याचे काम बरेचसे एका भारतीय नावाच्या माणसाने केले. पेन स्टेट विद्यापीठातले अभियांत्रिकीचे प्राध्यापक संजय जोशी यांनी असंख्य बल्ब, त्यांची वीज नियंत्रित करणारे बॅलास्ट आणि परावर्तक एकेक करून मोजले व आकडे प्रसिद्ध केले. एकच बल्ब वेगळ्या बॅलास्टवर वेगळा उजेड देतो, हे त्यातून स्पष्ट झाले. त्यापूर्वी 'लिटरमागे इतके वॅट' हा ठोकताळा चाले. तो आता कालबाह्य मानला जातो, दुकानात मात्र अजून ऐकू येतो.

किनारा आणि कायदा

प्रवाळाला उजेड किती हवा, हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पाहिले तर एका आकड्यात उत्तर मिळत नाही. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती उथळ, गढूळ पाण्यात पोरायटीससारखे चिवट प्रवाळ वाढतात. पावसाळ्यात त्या पाण्यात हातभर अंतरावरचेही नीट दिसत नाही आणि उजेड कित्येक आठवडे घटलेला राहतो. याउलट विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, भर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखले जाणारे बुडालेले पठार आहे. त्या आंग्रिया बँकेचा माथा सुमारे वीस मीटर खोल आहे. पाणी नितळ, त्यामुळे एवढ्या खोलीवरही प्रवाळ आहे. मात्र तिथे पोचणारा उजेड निळसर असतो. एक प्रवाळ गढूळ उन्हात, दुसरा निळ्या अंधुकात. दोघांना एकच दिवा कसा पुरेल?

दिव्याची निवड कायद्याशीही जोडलेली आहे, कारण कोणता प्रवाळ पाळता येईल हे तो ठरवतो. २००१ साली सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळ यांचा समावेश वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत झाला, म्हणजे वाघाच्या रांगेत. मुंबईच्या किनारा रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अली इथल्या प्रवाळ वसाहती हलवण्यासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. किनाऱ्यावरून प्रवाळाचा किंवा त्याच्या सांगाड्याचा तुकडा उचलून टाकीत ठेवणे हा गुन्हा आहे. भारतातल्या घरगुती टाकीचा विचार त्यामुळे झोअँथिड, मशरूम प्रवाळ, सार्कोफायटन, झेनिया असे मऊ प्रकार आणि कृत्रिम खडक यांच्यापुरताच करणे शहाणपणाचे. परदेशी पुस्तकांतली निम्मी चर्चा अॅक्रोपोरासारख्या, प्रखर उजेड मागणाऱ्या कठीण प्रवाळाविषयी असते. इथल्या वाचकाला ती लागू नाही, आणि तिच्यातले महागडे दिवेही बहुधा नाहीत.

उजेड किती

प्रवाळाच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषण करते आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देते. या कामी येणारा उजेड म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. त्याचे माप पीएआर, म्हणजे दर सेकंदाला चौरस मीटरवर पडणारे मायक्रोमोल प्रकाशकण. भर दुपारी समुद्राच्या पृष्ठावर हा आकडा २००० च्या घरात जातो. टाकीत मऊ प्रवाळाला साधारण ५० ते १५०, तर प्रखर उजेडवाल्या कठीण प्रवाळाला २०० ते ३५० असे आकडे रूढ आहेत.

एक बाजू म्हणते की निसर्गात याच्या कितीतरी पट ऊन असते, तेव्हा टाकीतला उजेड वाढवावा तेवढा थोडाच. दुसऱ्या बाजूचा मुद्दा संपृक्ततेचा आहे. डेना रिडल यांच्यासारख्या अभ्यासकांनी प्रवाळांवर मोजमापे घेऊन दाखवले की बऱ्याच प्रवाळांत प्रकाशसंश्लेषणाचा वेग ठराविक उजेडाला शिगेला पोचतो. त्यापुढचा उजेड अन्न वाढवत नाही. तो घातक ऑक्सिजन कण तयार करतो, शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढराफटक होतो. समुद्रातले ऊन प्रखर असते हे खरे, पण ते दिवसभर चढते-उतरते, ढगाआड जाते, लाटांनी थरथरते. टाकीतला दिवा आठ तास एकसारखा जळतो. म्हणून अलीकडे क्षणाच्या आकड्यापेक्षा दिवसभरातल्या एकूण प्रकाशाचा हिशेब अधिक ग्राह्य धरला जातो. शंभर पीएआर दहा तास आणि दोनशे पीएआर पाच तास यांत एकूण उजेड सारखाच. पहिला पर्याय मऊ प्रवाळाला अधिक मानवतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

उजेड कमी-जास्त झाल्याची खूण झोअँथिडवर लवकर दिसते. चकत्यांसारखी बसकी असलेली त्याची तोंडे उजेड अपुरा पडला की देठ ताणून वर येऊ लागतात. दोन-तीन आठवड्यांत गालिचाऐवजी विस्कटलेला झुपका दिसतो. उजेड अति झाला तर तीच तोंडे दिवसा मिटून राहतात आणि रंग फिका पडतो. नवा दिवा तिसऱ्या हिश्श्यावर सुरू करून तीन-चार आठवड्यांत चढवत न्यावा, याबाबत मतभेद नाही. प्रवाळ मेल्याच्या बऱ्याच तक्रारींत कारण कमी उजेड नसून नव्या एलईडीचा एकदम पडलेला मारा असते.

उजेड कोणता

पाणी लाल रंग आधी शोषते, निळा सर्वांत खोल जातो. सहजीवी शैवालाची रंगद्रव्येही निळ्या पट्ट्यात चांगले काम करतात. यावरून निळ्या एलईडीचा पक्ष उभा राहिला. निळ्या उजेडात प्रवाळातली प्रदीप्त प्रथिने हिरवी, केशरी झगमगतात, हेही त्याच्या लोकप्रियतेचे कारण आहे, आणि ते आवडीचे कारण आहे, आरोग्याचे नाही. पांढऱ्या उजेडाचा पक्ष म्हणतो की उथळ समुद्रात पूर्ण वर्णपट असतो आणि हॅलाइडच्या पांढऱ्या दिव्याखाली प्रवाळ उत्तम वाढत होते. लाल उजेडाबाबत पुरावा थोडा स्पष्ट आहे. स्टायलोफोरा या कठीण प्रवाळावर २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लाल प्रकाशाने त्याच्या प्रकृतीवर विपरीत परिणाम झाला. पण तो निष्कर्ष मऊ प्रवाळांना जसाच्या तसा लावता येत नाही. निळ्यावर भर आणि सोबत पांढरा, लाल नावापुरता, ही आजची तडजोड आहे.

मोजमापाची अडचण इथेच येते. मोबाइलमधले लक्स मोजणारे ॲप मानवी डोळ्याच्या संवेदनेवर बेतलेले असते. डोळा हिरव्याला तीक्ष्ण, निळ्याला मंद. निळ्या दिव्याखाली ते ॲप उजेड फारच कमी दाखवते, मालक दिवा वाढवतो आणि प्रवाळ भाजतो. जुन्या धर्तीचे पीएआर मीटरही निळ्याला पुरते न्याय देत नसत. पूर्ण वर्णपटाचे मीटर महाग असल्याने ते चार-पाच जणांनी मिळून घेणे हा मोठ्या शहरांतला प्रघात आहे.

उन्हाचा पर्याय अधूनमधून पुढे येतो. मंगळवेढ्यात ऊन मुबलक, मग दिवा कशाला? पूर्वेच्या खिडकीतले सकाळचे दोन तास मऊ प्रवाळाला चालतात. त्यापलीकडे उजेडाबरोबर उष्णताही आत येते आणि काचेवर हिरवळ चढते. ली चिन एंग यांच्या जकार्तात हवा बत्तीस-तेहेतीस अंशांच्या फार वर जात नाही, हे विसरून चालत नाही.

प्रवाह

प्रत्येक पृष्ठभागाला पाण्याचा एक स्थिर पापुद्रा चिकटलेला असतो. प्रवाळाला लागणारे वायू आणि क्षार या पापुद्र्यातून हळूहळू झिरपतात. पाणी जितके हलते तितका पापुद्रा पातळ. दिवसा शैवाल भरपूर ऑक्सिजन तयार करते, तो बाहेर पडला नाही तर ऊतींनाच बाधतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की प्रवाह हा ऑक्सिजन बाहेर काढून प्रकाशसंश्लेषणाला हातभार लावतो. त्याआधी २००१ मध्ये नाकामुरा आणि व्हॅन वोसिक या संशोधकांनी, १९९८ च्या विरंजनात, म्हणजे प्रवाळ पांढरे पडण्याच्या लाटेत, काही प्रवाळ का वाचले याचे अंशतः स्पष्टीकरण पाण्याच्या वेगात आहे, असे मांडले. म्हणजे उजेड आणि प्रवाह हे दोन स्वतंत्र प्रश्न नाहीत. प्रवाह चांगला असेल तर प्रवाळ अधिक उजेड सोसतो. प्रवाह मंद असेल तर दिवाही मंद हवा. जेक अॅडम्स यांनी तर उजेडापेक्षा प्रवाह महत्त्वाचा असे ठामपणे लिहिले. ते थोडे ताणलेले आहे, पण दिव्यावर हजारो रुपये आणि पंपावर पाचशे, या सर्रास दिसणाऱ्या खर्चाला त्याने चाप बसला.

प्रवाह मोजण्याची रूढ रीत म्हणजे तासाला टाकीच्या किती पट पाणी फिरते. मऊ प्रवाळाला दहा ते वीस पट, कठीण प्रवाळाला तीस ते पन्नास पट. या आकड्यात एक मोठी खोट आहे. ६० × ४५ × ४५ सेंटिमीटरची टाकी घ्या. पाणी सुमारे १२० लिटर. वीस पट म्हणजे तासाला २४०० लिटर. हे पाणी टाकीच्या पूर्ण आडव्या छेदातून सारखे वाहिले तर वेग येतो सेकंदाला अवघा ०.३ सेंटिमीटर. प्रवाळभित्तीवर पाच-वीस सेंटिमीटरचा वेग सामान्य आहे. प्रत्यक्षात पंखेवाला वेव्हमेकर आजूबाजूचे पाणी सोबत ओढतो आणि वेग वाढतो; तोंड बारीक असलेला पंप तेच २४०० लिटर एका पिचकारीत सोडतो आणि समोरच्या प्रवाळाचे मांस सोलून काढतो. दोन्हींचा 'पटीचा' आकडा मात्र एकच. त्यापेक्षा खाद्याचे चार दाणे सोडून ते हातभर अंतर किती सेकंदांत कापतात, याचे मोबाइलवर चित्रण करणे जास्त उपयोगी.

प्रवाहाच्या प्रकाराबद्दल तीन मते आहेत. पहिले, समोरासमोर दोन पंप लावून पाणी आपसांत आदळवावे. गोंधळी प्रवाह सगळीकडे पोचतो. दुसरे, सगळे पाणी एकाच दिशेने गोल फिरवावे, म्हणजे वेग साठत जातो आणि कमी विजेत जास्त प्रवाह मिळतो. तिसरे, लाटेसारखा मागेपुढे झुलता प्रवाह. हवाईतल्या वैकिकी मत्स्यालयाचे ब्रूस कार्लसन यांनी त्यासाठी वर बसवलेली, भरली की एकदम रिकामी होणारी पाण्याची टाकी वापरली. हिला पंप लहान पुरतो, पण ओतण्याचा आवाज आणि उडणारे खारे तुषार घरात सोसवत नाहीत. लहान टाकीत दिशा बदलणारा एक डीसी वेव्हमेकर तिसऱ्या मताच्या बराच जवळ जातो.

मऊ प्रवाळांत प्रवाहाची भूक सारखी नसते. सार्कोफायटन काही दिवस मिटून बसतो आणि अंगावर मेणचट साय धरतो. ती टाकून द्यायला त्याला वाहते पाणी लागते; ते नसेल तर सायीखालची त्वचा सडते. मशरूम प्रवाळ याउलट कोपऱ्यातल्या संथ पाण्यात पसरतो. झेनिया कुळातले काही प्रवाळ आपले हात मुठीसारखे उघडझाप करतात. २०१३ साली इस्रायली संशोधकांनी दाखवले की या हालचालीने प्राणी स्वतःभोवती प्रवाह तयार करतो आणि त्याचे प्रकाशसंश्लेषण वाढते.

उष्णता, पाणी आणि वीज

पाण्याखालचा पंप जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन पाण्यात उतरते. २५ वॅटचा पंप चोवीस तासांत ०.६ युनिट घेतो. ७५ वॅटचा एलईडी आठ तासांत तेवढेच घेतो, पण त्याची बरीच उष्णता वर हवेत जाते. टाकीचे तापमान वाढले की दिव्याकडे बोट जाते. दोषी अनेकदा पंप असतो. हॅलाइडची गोष्ट वेगळी. २५० वॅटचा दिवा आठ तास जळला आणि त्यातली निम्मी उष्णता पाण्यात थांबली, तर वरच्या १२० लिटरच्या टाकीचे तापमान सात अंशांनी वाढेल. मंगळवेढ्याच्या मे महिन्यात हा पर्याय विचारातही घेण्यासारखा नाही.

गार करण्यासाठी दोन मार्ग आहेत: चिलर किंवा पाण्यावर वारा मारणारा साधा पंखा. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता घेऊन जाते. दिवसाला तीन लिटर उडाले तर चोवीस तास सतत ८४ वॅटने गार केल्यासारखे होते. इथे कोरड्या हवेचा फायदा मिळतो. मुंबईच्या दमट हवेत पंखा लवकर हार मानतो. सोलापूर जिल्ह्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात तो पाणी २७-२८ अंशांपर्यंत राखू शकतो. पण पावसाळ्यात हवा दमट होते आणि हाच पंखा ढिला पडतो, हे चिलरवाल्यांचे म्हणणे खरे आहे. शिवाय उडालेले पाणी भरून काढायचे ते गोड्या, क्षारमुक्त पाण्याने. मीठ मागेच राहते. बोअरचे पाणी आरओतून काढायचे तर शुद्ध लिटरमागे दोन-तीन लिटर टाकाऊ निघते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हा हिशेब चिलरच्या वीजबिलाशेजारी मांडावा लागतो. जाड भिंतींचे जुने माळवदी घर असेल तर तळमजल्याची आतली खोली हे सर्वांत स्वस्त उत्तर. स्लॅबखालची वरची खोली सर्वांत महाग.

वीज गेल्यावर काय चालू ठेवायचे, याबाबत जाणकारांत एकमत आहे. दिवा दोन दिवस बंद राहिला तरी प्रवाळ मरत नाही. पाणी थांबले तर काही तासांत ऑक्सिजन घटू लागतो. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांला लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांला ६.२; आणि भारनियमन नेमके उकाड्यात असते. म्हणून इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर, मग पंखा, दिवा शेवटी. बारा किंवा चोवीस व्होल्टचा डीसी पंप योग्य जोडणीने थेट बॅटरीवर चालतो, ही त्याची जमेची बाजू.

अनिर्णित मुद्दे

प्रदीप्त प्रथिने प्रवाळाला उन्हापासून वाचवतात की उजेड पुरवतात, हे ठरलेले नाही. दोन्ही बाजूंना प्रयोगांचा आधार आहे, आणि उथळ व खोल प्रवाळांत उत्तर वेगळे असण्याची शक्यता मांडली जाते. झेनियाची उघडझाप टाकीत कधीकधी अचानक थांबते. प्रवाह, आम्लता, क्षार अशी कारणे सुचवली जातात, एकही सर्वत्र लागू पडत नाही. हौशी टाक्यांतले अनुभव विपुल असले तरी त्यांत दिवा, पंप आणि पाणी एकाच वेळी बदललेले असते, त्यामुळे श्रेय कोणाला हे कळत नाही.

रात्रीचा प्रवाह कमी करावा का, हा वाद सध्या जागता आहे. कमी करावा म्हणणारे सांगतात की रात्री हात पसरून अन्न पकडणाऱ्या पॉलिपला, म्हणजे प्रवाळाच्या तोंडांना, मंद पाणी सोयीचे. दुसरी बाजू दाखवते की अंधारात शैवालाचे ऑक्सिजन बनवणे थांबते, सगळे जीव तो वापरत राहतात आणि पहाटे त्याची पातळी सर्वांत खाली येते. थंड खोलीतल्या विरळ टाकीत पहिला सल्ला निभावून जातो. मासे दाटीने ठेवलेल्या, २९ अंशांवर गेलेल्या टाकीत पहाटे पाण्याचा पृष्ठभाग ढवळत ठेवावाच लागतो, मग पॉलिपची सोय बाजूला राहिली तरी चालेल.